बाग समितीचे एकमेव सदस्य

पालकसभा संपायला चार मिनिटं उरली होती. मागच्या ओळीतले वडील गाडीच्या किल्ल्या चाचपत होते, आणि पहिलीच्या वर्गातल्या त्या गुडघ्याएवढ्या बाकांवर बसून सगळ्यांच्याच पायांना मुंग्या आल्या होत्या. अशा वेळी शहाणा माणूस दाराकडे बघतो. त्रुटीसाहेबांनी हात वर केला.

त्रुटीसाहेब हे काही त्यांच्या आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. ते नळखात्याच्या कचेरीत हेडक्लार्क होते, आणि गेल्या एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आलेला एकही अर्ज पहिल्या फटक्यात पुढे सरकला नव्हता. प्रत्येकाखाली ते हिरव्या शाईने, वळणदार अक्षरात लिहीत, ‘त्रुटींची पूर्तता करून पुन्हा सादर करावा.’ खाली सही, जी खुद्द त्यांनाही वाचता येत नसे. हे नाव लोक त्यांच्या पाठीमागे घेत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि मनातल्या मनात ते त्याला पदवीच समजत.

तर मुख्याध्यापिकाबाई नुकत्याच म्हणाल्या होत्या, की मुलांनी चार भिंतींबाहेर यावं, माती, झाडं, किडे बघत शिकावं. त्यावर साहेब उभे राहून म्हणाले, की हल्लीच्या मुलांना टोमॅटो फ्रिजमध्ये जन्माला येतो असं वाटतं. लोक हसले. इथे बसायला हवं होतं. पण लोक हसले की साहेबांना आणखी एक वाक्य सुचतं. ते म्हणाले, "आम्ही लहानपणी मातीतच वाढलो." खरं तर ते तिसऱ्या मजल्यावर वाढले होते, आणि भिंतीला हात लागला तरी त्यांच्या आई तो साबणाने धुऊन घेत.

मुख्याध्यापिकाबाईंना सव्वीस वर्षांचा अनुभव होता. उभ्या राहिलेल्या पालकाचं काय करायचं हे त्यांना चांगलं कळत होतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "मग बाग समितीचे प्रमुख बारकीचे बाबा. सगळ्यांना मान्य?" सगळ्यांना इतकं मान्य होतं, की त्यांनी टाळ्याच वाजवल्या. समितीत आणखी कोण कोण आहे, असं साहेबांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, तुम्ही सुरुवात तर करा.

घरी बायकोने ही बातमी शांतपणे ऐकली. ती इस्पितळाच्या औषधभांडारात होती आणि कुठल्याही गोष्टीचे दुष्परिणाम आधी वाचायची तिला सवय होती. जो मनीप्लांट मारायला माणसाला मुद्दाम कष्ट घ्यावे लागतात, तो साहेबांनी बाटलीतल्या बाटलीत वाळवून दाखवला होता, हे तिने बोलून दाखवलं नाही. तिने फक्त त्या रिकाम्या बाटलीकडे बघितलं. सहा वर्षांच्या बारकीने मात्र वर्गात जाहीर करून टाकलं, की माझे बाबा आता बागेचे मालक आहेत.

सल्ला मागायला साहेब चौथ्या मजल्यावरच्या कुंडीकाकांकडे गेले. साहेबांचं बिऱ्हाड तळमजल्यावर होतं आणि बरोबर मागे, भिंतीपलीकडे शाळा. काका बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झाले होते. त्यांच्या गॅलरीत सात कुंड्या होत्या आणि सातही कुंड्यांत निवडुंग होतं. बागकामावर ते दीड तास बोलले. त्यातलं बरंचसं बँकेबद्दल होतं, पण उरलेल्याचं सार एकच निघालं, की झाडांचे पाण्याचे लाड करायचे नाहीत. आठवड्याला एक पेला पुरे. मुळांना सवय लागली पाहिजे. माती निवडताना ती चाखून बघावी, असंही ते म्हणाले. साहेबांनी शाळेच्या मागच्या अंगणातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि वर येऊन सांगितलं, की मातीसारखीच लागते. मग हरकत नाही, असं काका म्हणाले.

पुढचे चार दिवस साहेब आलेखाच्या कागदावर बागेचा नकाशा काढत होते. सहा वाफे, दोन ओळींतलं अंतर, मुळ्याला निळा रंग, पालकाला हिरवा, टोमॅटोला लाल, घेवड्याला जांभळा. खाली मुख्याध्यापिकाबाईंची सही घेतली, शिक्का मारला आणि एक प्रत स्वतःच्या फायलीला लावली. नकाशात एकच उणीव होती. तो अमलात पहिलीतली बेचाळीस मुलं आणणार होती.

पेरणीच्या दिवशी साहेबांनी बियांच्या उगवणीवर सतरा मिनिटं भाषण केलं. मुलं त्यातली दोन मिनिटं बसली. मग पेरणी झाली. एका मुलाने आपल्या वाट्याची मूठभर बी एकाच खड्ड्यात घातली, कारण वेगवेगळी ठेवली तर त्यांना एकटं वाटलं असतं. एकीने शार्पनर पेरला. एकाने अर्धं बिस्किट पुरलं आणि थोड्या वेळाने विचार बदलून ते परत काढून खाल्लं. सहाव्या वाफ्यात, कुंपणाच्या भिंतीजवळ, बारकीने सकाळीच पडलेला आपला दात पेरला. साहेबांनी तो बाहेर काढायला सांगितला तेव्हा ती म्हणाली, "तुम्हीच म्हणालात ना, पडला तरी पुन्हा येतो." साहेबांनी खिशातली नियमांची वही चाळली. दातांबद्दल तीत काही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मुलांनी सगळे वाफे उकरून काही आलंय का ते बघितलं. तिसऱ्या दिवशीही बघितलं. चौथ्या दिवशी साहेबांनी पाटी लावली, ‘बी उकरू नये. हुकुमावरून, प्रमुख, बाग समिती.’ पहिलीच्या मुलांना जोडाक्षरं यायची होती, त्यामुळे त्यांना तिचा काही त्रास झाला नाही. तिसरीच्या मुलांना वाचता येत होतं, आणि पाटी वाचेपर्यंत इथे काही उकरण्यासारखं आहे हे त्या बिचाऱ्यांना ठाऊकच नव्हतं.

मग पाण्याचा प्रश्न आला. शाळेचा नळ पुढच्या दारी, बाग मागच्या दारी. मुलं आपापल्या बाटल्या वाफ्यांत ओतून तहानलेली घरी जाऊ लागली, आणि तीन आया तक्रार घेऊन आल्या. मागे स्वतंत्र नळ घ्यायचं ठरलं. साहेब मनात हसले. नळ म्हणजे घरचंच काम. त्यांनी शाळेच्या वतीने अर्ज लिहिला, आपल्याच कचेरीत दाखल केला आणि दोन दिवसांत नळ येईल असं मुख्याध्यापिकाबाईंना सांगून टाकलं.

आता, ज्या अर्जावर स्वतःची सही असेल तो स्वतः तपासायचा नाही, असा कचेरीचा नियम होता. तो साहेबांनीच केला होता. त्यामुळे अर्ज शेजारच्या टेबलावर नव्या कारकूनबाईंकडे गेला. त्यांना येऊन आठच महिने झाले होते आणि साहेबांनी त्यांना जातीने तयार केलं होतं. साहेब शिकवत तेव्हा त्या टिपणं काढत. चौथ्या दिवशी अर्ज परत आला. खाली हिरवी शाई होती. बाईंनी ती स्वतः विकत आणली होती.

‘अर्जाचा हेतू, बागकाम. हे शेतीत मोडते की घरगुती वापरात, याचा खुलासा करावा. शेती असल्यास जमिनीचा उतारा जोडावा. घरगुती असल्यास बागेत राहणाऱ्या व्यक्तींची यादी जोडावी.’

साहेबांनी त्यांना बोलावून घेतलं. बाई अदबीने म्हणाल्या, सर, तुमच्याच परिपत्रकातला सहावा मुद्दा आहे. होताच. साहेबांचा ऊर इतका भरून आला, की राग यायला थोडा वेळ लागला. अर्ज दुरुस्त होऊन गेला आणि पुन्हा परत आला. तिसऱ्या खेपेला बाईंनी लिहिलं, की जागेची पाहणी केल्याशिवाय निर्णय घेता येत नाही. इतक्या वर्षांत या कचेरीतून कोणी जागेवर गेलेलं नाही, असं साहेबांनी त्यांना समजावलं. हो सर, जुन्या फायली वाचतेय, असं म्हणून बाई आपल्या टेबलाकडे गेल्या.

या सगळ्यात सात आठवडे गेले. पाच वाफे नकाशाप्रमाणे शिस्तीत वाळले. सहावा मात्र कोणाचंच ऐकेना. मुळ्याची पानं मुलांच्या गुडघ्याला लागली, घेवडा भिंतीवर चढून पलीकडे डोकावू लागला, आणि पेरल्याचं कोणालाच आठवत नव्हतं असं एक टोमॅटोचं झाड मधोमध फोफावलं. लोक बघायला येऊ लागले. कुंडीकाकांनी आपले निवृत्त मित्र आणले आणि कमी पाण्याची पद्धत समजावून सांगितली. मुख्याध्यापिकाबाईंनी फलकावर साहेबांचे आभार मानले. सुरुवातीला साहेबांनाही आश्चर्य वाटलं होतं, पण आठवडाभरात ते ओसरलं आणि कचेरीच्या कॅन्टीनमध्ये ते सांगू लागले, की मातीशी बोलावं लागतं. हे सगळं दातामुळे झालं याबद्दल बारकीला काडीची शंका नव्हती, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत विचारपूर्वक मत तिचंच होतं. शिक्षणखात्याच्या तपासनीसबाईंना पुढच्या शुक्रवारी बाग दाखवायचं ठरलं.

बुधवारी कारकूनबाई पाहणीला आल्या. त्यांनी सहाव्या वाफ्यात पाय ठेवला आणि तो घोट्यापर्यंत आत गेला. चप्पल उपसून हातात घेत त्यांनी विचारलं, इथे पाणी कोण घालतं? कोणीच नाही, त्याचंच तर कौतुक आहे, असं साहेब म्हणाले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. त्या नजरेने साहेब स्वतः अर्जदारांकडे बघत, पण समोरून ती कशी दिसते हे त्यांना त्या दिवशी कळलं. मग बाईंनी पिशवीतून खात्याचा नकाशा काढला. मोठी जलवाहिनी सहाव्या वाफ्याच्या बरोबर खालून साहेबांच्या इमारतीकडे जात होती, आणि ती फुटलेली होती.

दुपारी प्रमुख, बाग समिती, यांच्या नावे नोटीस निघाली. सार्वजनिक पाण्याचा अनधिकृत वापर, खुलासा सात दिवसांत. मसुदा साहेबांचाच होता, आणि तो किती कडक आहे हे त्यांना पहिल्यांदा जाणवलं. नोटिशीबरोबर बाईंनी एक जुनी फाईलही टेबलावर ठेवली. दोन वर्षांपूर्वीची तक्रार होती. चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, शाळेच्या अंगणाखाली गळती असावी, कृपया बघून जावे. खाली कुंडीकाकांची सही. त्याखाली हिरव्या शाईत, वळणदार अक्षरात, ‘गळती आढळून आली नाही. प्रकरण बंद.’

बाई हळूच म्हणाल्या, "पाहणीची तारीख लिहायची राहिलीय का सर?"

काकांच्या सातही कुंड्यांत निवडुंग का होतं आणि पाण्याचे लाड करू नका असं ते का म्हणत, हे साहेबांना एकदम उलगडलं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला सांगितलं. तिने हातातला पोळीचा तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "काका रोज सकाळी जिन्यातून बादल्या नेतात. मला वाटायचं, डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय." काकांना सांगून टाका, असंही ती म्हणाली. योग्य वेळ बघून सांगतो, असं साहेब म्हणाले. योग्य वेळ बघण्यात त्यांचा हात कोणी धरला नसता.

त्यांची सगळी भिस्त आता खात्यावर होती. गळती काढायला खात्याला कधीही तीन महिन्यांच्या आत सवड झालेली नव्हती. शुक्रवार तर दोन दिवसांवर होता. तपासनीसबाई हिरवा वाफा बघून जातील, मग पुढचं पुढे. पण कारकूनबाईंनी फाईलवर ‘तातडीचे’ लिहिलं होतं, आणि ज्या कचेरीत तो शब्द कोणी कधी वापरलाच नव्हता तिथे त्याचा परिणाम भयंकर झाला. शुक्रवारी सकाळी साडेआठला फिटर कुदळ घेऊन शाळेत हजर झाला.

साहेबांनी शेवटचा प्रयत्न करून बघितला. फिटरच्या हुकुमावरचा शिक्का पुसट आहे, असं त्यांनी दाखवून दिलं. शिक्का नंतर ठळक करू, आधी पाणी थांबवू, असं म्हणून फिटरने सहाव्या वाफ्यात पहिला घाव घातला.

मुलांच्या दृष्टीने हा शाळेतला आजवरचा सर्वांत चांगला दिवस होता. मुळे उपटून वाटले गेले. मुख्याध्यापिकाबाईंनी दोरी बांधली आणि बेचाळीस मुलांना तिच्याबाहेर गोल बसवलं. खड्डा खोल होत गेला तशी आधी काळी माती निघाली, मग तांबडी, मग चिखल. हातभर लांबीची मुळं निघाली, गांडुळं निघाली, शार्पनरही निघाला. फिटर अबोल माणूस होता, म्हणजे तोवर त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. आता बेचाळीस जणांनी विचारायला सुरुवात केल्यावर तो कुदळ टेकवून एकेकाला उत्तर देऊ लागला. गांडुळाला डोळे नसतात. मूळ पाण्याचा वास काढत येतं आणि पाइपच्या सांध्यात शिरतं. काम पुढे सरकेना.

तपासनीसबाई अकराला यायच्या होत्या. त्याआधी खड्डा बुजवून वर मुळ्याची पानं तरी खोचता येतील, अशा विचाराने साहेब घाई करायला दोरी ओलांडून कडेशी गेले. कड खचली. साहेब इस्त्रीच्या कपड्यांत, अगदी सावकाश, उभेच्या उभे खाली गेले आणि कमरेपर्यंत चिखलात थांबले. फिटरने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "आलाच आहात तर हा पाना धरा."

साहेबांनी पाना धरला. आणि त्याच वेळी मागच्या दाराने तपासनीसबाई आल्या. त्यांच्याबरोबर बागतज्ज्ञ म्हणून बोलावलेले कुंडीकाका होते. बाग कुठेच नव्हती. मुख्याध्यापिकाबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, आजचा पाठ, जमिनीखालचं जग. तपासनीसबाईंनी वही उघडली आणि मुलांच्या शेजारी जमिनीवर बसकण मारली.

मूठभर बी एकाच खड्ड्यात घालणाऱ्या मुलाने फिटरला विचारलं, हे पाणी किती दिवस वाहत होतं? फिटरने गंज खरवडून बघितला. दोन वर्षं तरी, असं तो म्हणाला.

"मग कोणी सांगितलं नाही का?" बारकीने विचारलं.

"सांगितलं होतं," कुंडीकाका म्हणाले.

"कोणाला?"

काकांना ते ठाऊक नव्हतं. ते म्हणाले, असेल कोणीतरी खात्यातला, सही लागली नाही. विषय तिथेच संपत होता. फिटर पाना मागत होता, मुख्याध्यापिकाबाई गांडुळांकडे वळत होत्या. साहेबांनी गप्प बसायला हवं होतं, आणि या खेपेला ते त्यांना जमलंही असतं. पण बारकी दोरीवरून वाकून काकांच्या तोंडाकडे बघत होती, उत्तराची वाट बघत.

"मला," साहेब खड्ड्यातून म्हणाले.

सगळे खाली बघू लागले. बारकीने विचारलं, "मग तुम्ही काय केलं?"

"मी लिहिलं, गळती आढळून आली नाही."

"तुम्ही शोधली होती?"

"नाही."

बारकीने थोडा विचार केला. रागावल्यासारखी ती मुळीच दिसत नव्हती. बापाला एक साधी गोष्ट माहीत नव्हती याचं तिला फक्त वाईट वाटत होतं. "उकरून बघायचं असतं, बाबा," ती म्हणाली. "आम्ही रोज बघतो."

कुंडीकाकांनी खिशातून रुमाल काढला, घडी मोडली, पुन्हा घातली. "अक्षर सुंदर होतं," ते म्हणाले आणि घरी गेले.

तपासनीसबाईंचा अहवाल महिन्याने आला. त्यात उपक्रमाचं तोंडभरून कौतुक होतं आणि प्रत्येक शाळेने एक तरी खड्डा खणावा अशी शिफारस होती. मुख्याध्यापिकाबाईंनी तो काचेत लावला. नळाचा अर्ज मात्र अजून शेती आणि घरगुती यांच्यामध्ये कुठेतरी आहे.

नोटिशीचा खुलासा साहेबांनी खड्ड्यात पडले त्याच संध्याकाळी लिहिला होता. गळती होती. पाहणी केली नव्हती. एवढंच. कारकूनबाईंनी तो दोनदा वाचला, उलटून मागची बाजूही बघितली आणि मान्य करून टाकला. एकोणीस वर्षांत पहिल्याच फटक्यात पुढे गेलेला तो कचेरीतला पहिला कागद.

काका अकरा दिवस बोलले नाहीत. बाराव्या दिवशी ते एक कुंडी घेऊन खाली आले. चौथ्या मजल्यावर आता धो धो पाणी येत होतं, त्या आनंदात त्यांनी निवडुंगांना मनसोक्त पाणी घातलं होतं, आणि हे एक मुळाशी कुजलं होतं. दारातच उभं राहून त्यांनी विचारलं, "यावर काय उपाय, बाग समिती?" साहेबांना उपाय ठाऊक नव्हता. त्यांनी तसं सांगितलं. काका आत येऊन बसले, चहा प्यायले आणि दीड तास बोलले.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी अकरा वाजता साहेब खुर्चीतून उठले आणि गळतीची एक तक्रार हातात घेऊन बाहेर पडले. कचेरीत कुजबुज झाली, त्यांना बरं नसावं असं दोघातिघांना वाटलं. पत्ता शोधत ते तीन गल्ल्या पलीकडे एका घरापाशी गेले. दार एका बाईंनी उघडलं, अर्ध्या फटीएवढंच. साहेब म्हणाले, नळखात्यातून आलोय, तुमच्या तक्रारीसाठी.

बाईंनी त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. नळखात्यातून कोणी येत नसतं, असं त्या म्हणाल्या. असं सांगून घरात शिरतात, पेपरात वाचलंय. त्यांनी ओळखपत्र मागितलं. साहेबांना आजवर बाहेर कुठे जावंच लागलं नव्हतं, त्यामुळे त्यांचं ओळखपत्र एकोणीस वर्षं टेबलाच्या खणात होतं. दार बंद झालं. आतून कडीही लागली.

साहेब थोडा वेळ पायरीवर उभे राहिले. भिंतीच्या बुडाशी ओल होती आणि तिच्यावर शेवाळ धरलं होतं. त्यांनी तक्रारीचा कागद घडी करून वरच्या खिशात ठेवला, पँटचे पाय दोनदा दुमडले, तिथेच पडलेली एक काटकी उचलली आणि उकिडवे बसून माती उकरायला लागले.

खिडकीचा पडदा हलला. आतून कोणीतरी विचारलं, गेला का तो.

"नाही," बाई म्हणाल्या. "पण चोर नसावा. चोराने एवढा वेळ लावला नसता."